‘येतो’ म्हणाले म्हणून

आमच्या ह्यांना मारलं ते एका क्रियापदापायी. लोक निवडणुकीचं नाव घेतात, गोऱ्या-काळ्याचं नाव घेतात, पेपरवाल्यांनी तर कसलं कसलं नाव घेतलं. घेऊ देत. तो शब्द ह्यांच्या तोंडून निघाला तेव्हा मी पंधरा पावलांवर गाडीत काच खाली करून बसले होते आणि ह्या कानांनी ऐकला. मी नागपूरची आहे. मला घोळवून सांगता येत नाही, आणि राग माझ्या नाकावरच बसलेला असतो, तेव्हा जे झालं ते जसं झालं तसं सांगते.

हे पुण्याचे. तेही पेठेतले. पण देवाची काहीतरी गफलत झाली आणि जीभ मात्र लोण्याची दिली. इथे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरच्या बाजूच्या आमच्या टाउनशिपमध्ये, आमचं सगळं आयुष्य गेलं. हे भूलतज्ज्ञ होते. हॉस्पिटलात माणसांना झोपवायचं आणि पुन्हा जागं करायचं, हेच वर्षानुवर्षं केलं. आणि कुठूनही निघताना हे ‘येतो’ म्हणायचे. घरातून, बँकेतून, केशकर्तनालयातून, ऑपरेशन थिएटरमधून. समोर मराठी माणूस असेल तर मराठीत, अमेरिकन असेल तर इंग्रजीत. ‘ओके, आय विल कम.’ नर्सेस खिदळायच्या. ‘डॉक, व्हेअर विल यू कम?’ म्हणून चिडवायच्या. ह्यांचं इंग्रजी चांगलं फर्डं होतं, कॉन्फरन्समध्ये भाषणं ठोकायचे, पण ‘आय ॲम गोइंग’ एवढं वाक्य काही तोंडातून बाहेर पडलं नाही. लहानपणी चुकून ‘जातो’ म्हटलं की ह्यांच्या आई उंबऱ्यातून परत बोलवायच्या, खाली बसवायच्या, घोटभर पाणी प्यायला लावायच्या, आणि ‘येतो’ म्हणवून घेऊन मगच सोडायच्या. ते हाडात मुरलं होतं.

आणि मी आतून ‘या’ म्हणायची. ओट्याशी असले तरी, फोनवर असले तरी, आदल्या दिवशी कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी. भांडण झालेलं असलं की जरा जोरात म्हणायची.

आमच्या वस्तीतून स्टेशनकडे एक रस्ता जातो. गाड्या सुसाट सुटलेल्या असतात आणि कडेला फुटपाथ नाही. भारतातून मुलाबाळांकडे आलेले आईवडील त्याच रस्त्याच्या कडेने, गवतातून, पाय सांभाळत फिरायला जातात. जातील कुठे बिचारे? गाडी चालवता येत नाही आणि दिवसभर घरात कोंडून घेऊन जीव आंबतो. तशीच एक सांगलीची मावशी, साडीवर स्नीकर्स घालून चाललेली, एका पिकअप ट्रकने उडवली. आम्ही दोघं मागच्याच गाडीत होतो. तिचा एक बूट आमच्या काचेवर येऊन आदळला. हे गाडीतून उतरून पळाले, गुडघ्यांवर बसले, तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं, आणि ह्यांच्या बोटांच्या फटीतून रक्त वाहत होतं ते थांबेना. ट्रकवाला पोरगा बाजूला उभा राहून ओकत होता. मावशी गेली. ॲम्ब्युलन्स यायच्या आत गेली.

टाउनशिपच्या कौन्सिलचा आमच्या भागाचा मेंबर तिथेच जवळ राहायचा. शाळेत फुटबॉल शिकवून रिटायर झालेला, अंगाने आडवातिडवा, आवाज असा की कुजबुजला तरी पलीकडच्या घरात ऐकू जावं. तो धावत आला आणि चिखलात ह्यांच्यासमोर गुडघे टेकून बसला. मावशीच्या साडीचा पदर त्याने नीट केला, ते मी पाहिलं. मग म्हणाला, ‘इथे फुटपाथ होणार. मी शब्द देतो.’ ह्यांनी रक्ताच्या हातानेच त्याचा हात धरला. त्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना तो मेंबर हार्ट ॲटॅकने कोसळला आणि जागीच गेला.

त्याच्या रिकाम्या खुर्चीसाठी पोटनिवडणूक लागली. इथे स्पेशल इलेक्शन म्हणतात. त्याचा धाकटा भाऊ उभा राहिला. आणि एके दिवशी चहाचा कप खाली ठेवून हे म्हणाले, ‘मीही उभा राहतो.’

‘कशाला?’ मी म्हटलं.

‘त्या माणसाने माझ्या हातात हात देऊन शब्द दिलाय. भाऊ म्हणतोय, फुटपाथ-बिटपाथ काही होणार नाही.’

‘अहो, रांगेत कुणी पुढे घुसलं तर तुम्ही त्याला ‘आफ्टर यू’ म्हणता. तुम्ही निवडणूक लढवणार? अरे बाप्पा!’

हे हसले. ह्यांचं हसणं म्हणजे ठरल्याची खूण होती. मी त्या दिवसापासून धास्तावलेली होते, खोटं कशाला सांगू. मला ती खुर्ची नको होती आणि फुटपाथही नको होता. संध्याकाळी हे धडधाकट घरी परत यावेत, माझं मागणं एवढंच होतं. दाराच्या बेलची कॅमेरावाली डबी आमच्याही दाराला आहे, तिच्यात मी ह्यांची गाडी वळताना बघत बसायची.

फॉर्म भरून झाल्यावर ह्यांच्या मनाने घेतलं की त्या मेंबरच्या बायकोला भेटायला जायचं. दुःखाला भेटायला जातात तसं. फ्युनरलला आम्ही गेलो होतो, पण घरी गेलो नव्हतो.

‘जाऊ नका,’ मी म्हटलं. ‘तुम्ही तिच्या दिराच्या विरुद्ध उभे आहात.’

‘म्हणून माणूस गेलेल्या घरी जायचं नाही? आपल्याकडे वैऱ्याच्या घरीही जातात.’

माझ्या मनात पिठलं-भात द्यायचं आलं, दुःखाच्या घरी तोच देतात, पण ती बाई पिठल्याचं काय करणार! मग दुकानातून बनाना ब्रेड आणला. हे तो हातात धरून पायऱ्या चढले. मी गाडीतच बसले, कारण माझं मन नव्हतं.

दार त्या भावाने उघडलं. घरांची छपरं घालायचा धंदा आहे त्याचा, मनगटं माझ्या पोटरीएवढी. मागे ती बाई उभी होती, केस विस्कटलेले. हे म्हणाले, ‘आय ॲम सॉरी फॉर युवर लॉस.’ मग म्हणाले, तुमच्या भावाने मला फुटपाथचा शब्द दिला होता, भला माणूस होता. एवढंच. त्या भावाचं तोंड लालेलाल झालं. ‘माझ्या मेलेल्या भावाच्या नावावर मतं मागतोस? त्याच्याच दारात?’ असं ओरडला आणि ह्यांच्या शर्टाची गच्ची धरली. बनाना ब्रेड खाली पडला. त्याने तो लाथेने पायऱ्यांवरून उडवला. ह्यांना एक हिसडा दिला, तसे हे दोन पायऱ्या मागे धडपडले आणि कठडा धरून सावरले.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दार उघडून मी एक पाय खाली टाकलाच होता. आणि हे काय करत होते? खाली वाकून तो ब्रेड उचलत होते. ब्रेड उचलला, कागदावरची माती झटकली, पायरीवर नीट ठेवला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, ‘ओके. आय विल कम.’

‘काय म्हणालास?’ तो भाऊ.

‘आय विल कम,’ हे पुन्हा म्हणाले. हसून. त्याला ऐकू गेलं नसेल असं ह्यांना वाटलं.

गाडीत बसल्याबरोबर मी सुरू झाले. ‘तुम्हाला काही कळतं का हो? काय बोललात ते?’

‘काय बोललो? येतो म्हटलं.’

‘दुःखाच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणतात? नुसतं उठायचं आणि चपला घालून चालू लागायचं असतं. पुन्हा कशाला येताय तिथे? आणखी कुणाच्या मरणाला?’

ह्यांनी चक्क जीभ चावली. ‘अगं हो. चुकलंच. त्या बाईला काय वाटलं असेल!’ दिवसभर हे त्याच काळजीत होते. रात्री जेवतानाही म्हणाले, ‘अपशकुनी बोललो बघ मी.’ आम्ही दोघं शहाणी माणसं, चाळीसेक वर्षं ह्या देशात राहिलेली, आणि आम्हाला घोर कसला, तर दुःखाच्या घरी ‘येतो’ म्हटल्याचा! त्या शब्दाला दुसरीही एक बाजू आहे हे दोघांच्या डोक्यातच आलं नाही.

ती आमच्या मुलीने दाखवली. ती ॲरिझोनात, चँडलरला असते, चिप बनवणाऱ्या कंपनीत. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, आवाज चढलेला. ‘आई, व्हॉट डिड बाबा डू? तो व्हिडिओ पाहिलास का?’ त्या घराच्या बेलच्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं होतं आणि भावाने तेवढाच शेवटचा तुकडा टाउनच्या पेजवर टाकला होता. गच्ची धरलेली नाही, लाथ नाही, हिसडा नाही. फक्त हे, हात जोडून, हसत, एका विधवेच्या दारात उभे राहून सांगतायत: मी येईन. त्याने विचारलं, काय म्हणालास? तर पुन्हा तेच, आणखी हसून: मी येईन. मी तो तुकडा पाहिला आणि पहिल्यांदा मला ते इंग्रजीत ऐकू आलं. एखाद्या गुंडाने सांगावं तसं ते ऐकू येत होतं.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. आमच्या अंगणात ह्यांच्या नावाची पाटी होती, ती मोडून तिचा खांब समोरच्या काचेतून आत घुसवला. भर दुपारी! मी सोफ्यावर मटार सोलत बसले होते, काचा माझ्या मटारात पडल्या. पत्राची पेटी बॅटने चेचून टाकली. गाडीची चारही चाकं फाडली. फोन उचलला की कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणायचं, ‘वुई विल कम.’ आणि आपटायचं. मी एकदा त्याला अस्सल नागपुरी शिव्या घातल्या, आईबापासकट. त्याला कळल्या नसतील, पण मला बरं वाटलं.

आपले लोक तरी काय कमी? महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात एक काका भर पंगतीत म्हणाले, ‘डॉक्टर, तुमच्यामुळे आमच्या मुलांना शाळेत त्रास होईल. बसा की खाली.’ तर दुसरे उठले आणि त्यांनी श्रीखंडाची वाटी त्या काकांच्या थेट कपाळावर फेकून मारली. कपाळ फुटलं. रक्त आणि श्रीखंड एकत्र नाकावरून गळत होतं. मग ह्याने त्याची कॉलर धरली, त्याने ह्याला खुर्ची घातली, बायका ओरडतायत, पोरं ‘स्टॉप इट, स्टॉप इट’ करतायत. आणि हे! हे नॅपकिन भिजवून त्या काकांचं कपाळ दाबून धरून बसले होते. ज्यांनी ‘बसा खाली’ म्हटलं त्यांचंच.

पोलीस घरी आले. एक जाडा आणि एक तरुण, तरुणाला मिशीही धड फुटलेली नव्हती.

‘सर, मी परत येईन असं तुम्ही म्हणालात का?’

‘हो,’ हे म्हणाले. खरं बोलायची खोड!

‘कशासाठी येणार होतात?’

‘नाही, येणार नव्हतो.’

पोलिसाने मान वाकडी करून पाहिलं. मी मध्ये पडले. म्हटलं, आमच्याकडे जाताना ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘जातो’ फक्त मेलेला माणूस जातो. जिवंत माणूस ‘येतो’ म्हणतो, म्हणजे परत येण्याइतका जिवंत राहीन.

‘म्हणजे त्याचा अर्थ बाय?’ तरुण पोलीस म्हणाला.

‘हो, बाय!’

‘मग बाय का नाही म्हणाले?’

मला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. तो भाऊ गळा धरतो, काचा फुटतात, चाकं फाटतात, त्याचं काही नाही. पण ‘बाय’ का नाही म्हणाले! ह्यांनी मात्र त्या पोलिसाला चहा दिला, आणि तो निघताना ह्यांच्या तोंडून ‘या’ निघणार होतं, ते मी डोळे वटारून अडवलं.

मुलगी फोनवर म्हणाली, ‘आई, जस्ट टेल बाबा टु से बाय. लाइक अ नॉर्मल पर्सन.’ मलाही ते पटलं. मी ह्यांना आरशासमोर उभं केलं. म्हटलं, म्हणा. ‘बाय.’ पुन्हा म्हणा. ‘बाय.’ हे लहान मुलासारखे मान हलवून म्हणत होते, आणि मध्येच जीभ घसरून ‘आय वि...’ झालं की मी पाठीत गुद्दा घालत होते. हसत होतो आम्ही. पण मी चेष्टा करत नव्हते. मी सक्त ताकीद दिली होती, निवडणूक होईपर्यंत तो शब्द काढायचा नाही, घरातसुद्धा नाही, नाहीतर सवय जायची नाही.

निवडणुकीच्या दिवशी सकाळी हे बूट घालून दारात उभे राहिले. निळा स्वेटर घातला होता, मीच विणलेला. माझ्याकडे पाहिलं, ओठ उघडले, मिटले. मग म्हणाले, ‘बाय.’

‘बाय,’ मी म्हटलं.

दार लागलं. काहीतरी उघडं राहिल्यासारखं वाटत होतं, म्हणून मी जाऊन गॅस बघितला. बंद होता. मग राहवेना. थर्मासमध्ये चहा भरला, तो मोठा स्टीलचा, आणि ह्यांच्या मागोमाग शाळेत गेले.

शाळेच्या जिममध्ये मतदान होतं. प्रचारवाल्यांनी दारापासून लांब, आखलेल्या रेषेबाहेर उभं राहायचं असतं, म्हणजे बरोबर त्या रस्त्याच्या कडेला, जिथे फुटपाथ नाही. हे तिथे गवतात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत होते. मी गाडी लावून चालत निघाले तेव्हा तो भाऊ समोरून येताना मला दिसला. त्याच्या हातात काही नव्हतं. मुठी होत्या.

‘म्हण ना,’ तो ह्यांना म्हणाला. ‘आता म्हण. येणार आहेस ना? ये.’

ह्यांनी हात जोडले. म्हणाले, तुमच्या वहिनींना माझा नमस्कार सांगा. आणि वळले. मला दिसले म्हणून माझ्याकडे यायला निघाले. जाताना काय म्हणावं हे ह्यांना सुचलं नसावं. अर्धवट मागे वळून, मी शिकवलं होतं तसं, अगदी स्पष्ट म्हणाले, ‘बाय.’

त्या माणसाने त्यात काय ऐकलं ते त्यालाच ठाऊक. चिडवतोय असं वाटलं असेल. त्याने ह्यांना खांद्याला धरून फिरवलं आणि नाकावर ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, रस्त्याच्या पलीकडून. दुसरा ठोसा डोळ्यावर. हे मागे पडले ते रस्त्याच्या सिमेंटच्या काठावर, डोक्याच्या मागच्या बाजूवर. तो आवाज मी सांगणार नाही. तरी त्याने बरगडीत लाथ घातली. पुन्हा घातली. माणसं उभी होती, हातात फोन घेऊन, सगळे फोन वर.

मी धावले. मला गुडघेदुखी आहे, जिना चढताना कठडा धरावा लागतो, पण त्या दिवशी मी धावले आणि हातातला भरलेला थर्मास दोन्ही हातांनी उचलून त्याच्या कानशिलावर हाणला. तो हेलपाटला. दुसऱ्यांदा जबड्यावर हाणला. त्याचा एक दात माझ्या बाहीवर उडाला. झाकण निघालं आणि उकळता चहा त्याच्या मानेवर सांडला, तसा तो गुरासारखा ओरडला. मी तिसऱ्यांदा उचलला होता. मारला असता. खरंच मारलं असतं मी त्याला, तिथेच, रस्त्यावर, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. तोच बिनमिशीचा पोलीस मागून ओरडला, ‘मॅम, ड्रॉप द बॉटल!’ आणि त्याने माझा हात धरला.

हे शुद्धीवर होते. ‘अगं, चहा सांडला,’ म्हणाले. नाकातून रक्ताच्या गुठळ्या येत होत्या. मी स्वेटरच्या बाहीने पुसत होते. त्या पोलिसाने मला बेड्या घालायच्या ऐवजी गाडीत बसवलं आणि ॲम्ब्युलन्सच्या मागे हॉस्पिटलला नेलं. वाटेत एकदा तो म्हणाला, ‘सॉरी, मॅम.’ मी पुढच्या ॲम्ब्युलन्सच्या दिव्यांवरून नजर काढली नाही.

ह्यांचंच हॉस्पिटल. ओळखीच्या भिंती. पहिला तासभर हे चांगलं बोलत होते, माझा जीव भांड्यात पडला होता. मग स्वतःच डॉक्टरांना म्हणाले, डोकं जड होतंय, एक डोळा तपासा. डोक्यात रक्त साचत होतं. तातडीने उघडायला लागणार होतं. भूल द्यायला जी डॉक्टरीण आली ती ह्यांच्या हाताखाली शिकलेली. आता तिचेही केस पिकलेत. ती ह्यांचा हात धरून म्हणाली, ‘डॉक, आज तुमचा नंबर.’ डोळ्यांत पाणी होतं तिच्या. थिएटरच्या दारापर्यंत मी स्ट्रेचरच्या बरोबर गेले. तिथे थांबवलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक डोळा पार मिटलेला, दुसरा अर्धा. ओठ हलले. मी वाट बघत होते. त्या वेळी मला तो एकच शब्द हवा होता. जगातलं दुसरं काही नको होतं. ह्यांनी बोटं वर उचलली. सूज होती, रक्त होतं, डोकं धड चालत नव्हतं, पण मी घोटून घेतलेला धडा लक्षात होता.

‘बाय,’ म्हणाले.

दार मिटलं. मी त्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. ‘अहो, येतो म्हणा! ऐकलं का? येतो म्हणा आधी!’ सगळा कॉरिडॉर बघत होता. एक नर्स मला मिठी मारून मागे ओढत होती आणि मी तिच्या हातातून सुटून पुन्हा दार बडवत होते. आतून काही आवाज आला नाही.

हे परत आले नाहीत. संध्याकाळी मुलीच्या फोनवर निकाल आला, ती तेव्हा फिनिक्सच्या विमानतळावर होती. हे निवडून आले होते.

मग घरी लोक आले. काका आले, मावश्या आल्या, ज्यांचं कपाळ फुटलं होतं ते काकाही आले, हमसून रडले. पिठलं-भाताचे डबे आले. सगळे रीतीने आले आणि रीतीने उठले. ‘येतो’ कुणी म्हणालं नाही. दिवसभर माणसं यायची, बसायची आणि न बोलता बूट घालून चालू लागायची. मला ओरडावंसं वाटायचं. थर्मास मारल्याची माझ्यावरची केस काढून टाकली. तो भाऊ आत आहे, खटला चालू आहे, आणि त्याला बघायला मी प्रत्येक तारखेला जाते. त्याचा जबडा वाकडा बसलाय. बरं झालं.

खुर्ची पुन्हा रिकामी, म्हणून पुन्हा पोटनिवडणूक. ह्या वेळी मी उभी आहे. पाट्या त्याच आहेत, आडनाव तेच आहे. एकाने विचारलं, ‘काकू, भीती नाही वाटत?’ म्हटलं, आता कुणाची वाट बघायची आहे मला, की भीती वाटेल?

मागच्या आठवड्यात दुपारी बेल वाजली. डबीत पाहिलं तर ती बाई. त्या मेंबरची बायको, आत असलेल्याची वहिनी. एकटीच होती. मी दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. दाराला हात आडवा लावून उभी राहिले. तिला एक ठेवून द्यावी, एवढा माझा हात शिवशिवत होता. तिच्याच दारात झालं होतं सगळं. तिने तेव्हा तोंड उघडलं असतं, एकदा उघडलं असतं, तर?

ती म्हणाली, ‘मी तो व्हिडिओ टाकू नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही.’ ती म्हणाली, ‘तुमच्या नवऱ्याने ब्रेड उचलून पायरीवर ठेवला होता. तो मी नंतर आत नेला. खाल्ला.’ ‘तुमची पाटी मी माझ्या अंगणात लावलीय. माझ्या नवऱ्याने शब्द दिला होता.’

मी दारावरचा हात तसाच ठेवला. ती वळली. दोन पायऱ्या उतरली, थांबली, मागे बघितलं आणि दोन्ही हात जोडले, वेडेवाकडेच, बोटं नीट जुळली नव्हती.

‘ओके,’ ती म्हणाली. ‘आय विल कम.’

दुःखाच्या घरून निघताना असं म्हणत नाहीत. तिला कोण सांगणार? हॉस्पिटलातल्या कुणीतरी शिकवलं असेल, कोर्टात ऐकलं असेल. ह्यांनी तिच्या दारात केली तीच चूक तिने माझ्या दारात केली. निवडणुकीच्या सकाळी ह्यांना दारात म्हटलं नव्हतं, थिएटरच्या दाराशी म्हणायची पाळीच आली नव्हती, ते इतके महिने माझ्याकडेच राहिलं होतं. मी दारावरचा हात काढला.

‘या,’ म्हटलं.